काजूवरची ओंबील : तिचं अंग, तिचं घराणं

मागच्या भाषणात आम्ही गांडूळखताविषयी बोललो होतो. त्यानंतर आमच्या गटाला बऱ्याच जणींनी विचारलं, की काजू काढताना लाल मुंग्या खायला उठतात, त्यांचं काय करावं? आज त्याच मुंगीविषयी बोलायचं आहे. पण 'काय करावं' हे आम्ही शेवटी सांगू. आधी ती आहे कोण ते सांगू. कारण आम्हीसुद्धा उलट्या क्रमाने गेलो होतो आणि पस्तावलो होतो.

झालं असं. आमच्या गटाने काजूची एक बाग तीन वर्षांसाठी खंडाने घेतली. पैसे गटाच्या बचतीतले, शिवाय थोडं कर्ज. पहिल्याच वर्षी निम्म्या झाडांवर ओंबील निघाल्या. कुणी त्यांना उंबील म्हणतं, कुणी हुमले, कुणी नुसतं लाल मुंगळे. पानं एकमेकांना शिवून केलेली त्यांची घरटी तुम्ही सगळ्यांनी बघितली असतील, हिरवी असतात तेव्हा पानांत दिसत नाहीत आणि सुकली की पिशवीसारखी लटकतात. आमच्यातली एक जण बोंडं काढायला फांदी ओढते न ओढते तोच घरटं फुटलं आणि मुंग्या मानेवरून पोलक्यात. एक डोळ्यात गेली. डोळा दोन दिवस उघडत नव्हता. मग बैठक बसली आणि ठरलं, की यांना मारायचं.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने एक भुकटी दिली, पिशवीवरचं लेबल अर्धं फाटलेलं. आम्ही ती फडक्यात बांधून काठीने घरट्यांवर झटकली. तोंडाला पदर, बाकी काही नाही. संध्याकाळी तिघींना मळमळ आणि चक्कर. त्या तीन झाडांवरच्या मुंग्या गेल्या खऱ्या. पण काजूला मोहोर आला होता, मधमाश्याही त्याच झाडांवर होत्या, आणि दुसऱ्या दिवशी झाडाखाली त्याही पडलेल्या दिसल्या. पुढच्या पंधरवड्यात त्याच झाडांचे कोवळे शेंडे आणि मोहोर काळे पडून करपायला लागले. ढेकण्या आला होता.

आमच्या काकी, वय सत्तरीच्या पुढे, त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अगो, मारायच्या आधी तिका बघा तरी."

म्हणून आम्ही बघायला बसलो. शाळेतून एक भिंग मागून आणलं, पांढऱ्या ताटलीत एक मेलेली मुंगी ठेवली आणि चौघी जणी तिच्यावर वाकलो. आता जे सांगतो ते ऐकताना जमलं तर तुम्हीही एक मुंगी समोर ठेवा. मेलेलीच घ्या.

पहिलं म्हणजे पाय मोजा. सहा भरले तर मुंगी. आठ भरले तर तो कोळी. हसू नका, ओंबील मुंगीसारखाच दिसणारा, त्याच रंगाचा, तशीच बारीक कंबर असलेला एक कोळी खरोखर आहे आणि तो त्यांच्याच झाडावर फिरतो. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे वर धरतो, त्यामुळे आपण फसतो. आम्हीही फसलो होतो. बरोबर आणलेली एक 'मुंगी' भिंगाखाली धरली आणि डोळे मोजता मोजता आमची मोजणी चुकली, कारण कोळ्याला आठ डोळे.

मुंगीचं अंग तीन तुकड्यांचं. डोकं, छाती आणि पोट. छाती आणि पोटाच्या मध्ये बारीक कंबर, आणि कंबरेवर एक गाठ. ही गाठ नीट बघा, तिच्यावरून आपण पुढे घराणं ओळखणार आहोत. शास्त्र असं सांगतं, की मुंगीची कंबर हा खरा पोटाचाच भाग. पोटाचा पहिला वळसा छातीला जाऊन चिकटला, दुसरा आकसून कंबर झाला, आणि उरलेलं जे गोल दिसतं त्याला आपण पोट म्हणतो. ही कंबर आहे म्हणून तिला पोट कुठेही वळवता येतं. ओंबील चिडली की पोट छातीवर उभं करते, विंचू नांगी उचलतो तसं.

वाळवीला अशी कंबर नसते. वाळवीला आपल्याकडे 'पांढरी मुंगी' म्हणायची पद्धत आहे, पण ती मुंगी नव्हेच. वाळवी झुरळांच्या जवळची, आणि मुंगी मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्या जवळची. दोघी समूहाने राहतात एवढंच सारखं.

डोक्याकडे या. दोन मिशा. त्या सरळ नाहीत, हातासारख्या कोपरात वाकलेल्या आहेत. पहिला सांधा लांब, मग कोपर, मग पुढचे बारीक सांधे, मिळून बारा. या मिशांनी ती वास घेते आणि चाचपते. मुंग्यांच्या रांगेत समोरासमोर आलेल्या दोघी थांबून मिशा लावतात ते आपण बघतोच. ही आपल्या घरची की परकी, हे त्यात कळतं. डोळे मोठे आहेत, दोन्ही बाजूंना, आणि ओंबील मुंगीची नजर इतर पुष्कळ मुंग्यांपेक्षा चांगली. आपण झाडाजवळ हात नेला की ती मान वर करून बघते, तो भास नाही.

तोंडाशी जबडे. ते आपल्यासारखे वर-खाली मिटत नाहीत, आडवे मिटतात. अडकित्ता आडवा धरल्यासारखे. आतल्या कडेला दहा-बारा दात, टोकाचा सगळ्यांत लांब. या जबड्यांनीच ती चावते, पान धरते, पिल्लू उचलते आणि मेलेला किडा घरी ओढून नेते. हात म्हणावेत तर तेच.

पायांचं तर आम्हाला फार नवल वाटलं. प्रत्येक पावलाच्या टोकाला दोन नख्या आणि मधे एक मऊ गादी. नख्या खरखरीत सालीत अडकतात. गुळगुळीत पानावर ही गादी चिकटते. पाय अंगाकडे खेचला की गादी पसरते, पुढे ढकलला की मिटते, म्हणून ती चिकटतेही आणि धावतेही. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका संशोधकाने या मुंगीचं छायाचित्र घेतलं आहे. काचेसारख्या गुळगुळीत जागी ती उलटी लटकली आहे आणि जबड्यात स्वतःच्या शंभरपट वजन धरून आहे. आपल्याला कुणी ओढून काढायचा प्रयत्न केला की ती का सुटत नाही, ते यावरून समजतं. झाडताना मुंगी तुटते पण डोकं चिकटून राहतं.

आता पोट. गांधीलमाशी आणि मधमाशी टोचतात. ओंबील टोचत नाही, तिला नांगीच नाही. ती आधी चावते, मग पोट पुढे वाकवून त्या चाव्यावर आम्ल सोडते. पोटाच्या अगदी टोकाला एक बारीक गोल भोक आहे, भोवती केसांची झालर. भिंगातून दिसतं. त्यातून ते आम्ल उडतं. जखमेवर लिंबू पिळावं तशी ती आग. त्या आम्लाचं नाव फॉर्मिक आम्ल, आणि हे नाव मुंगीवरूनच पडलं आहे, लॅटिन भाषेत मुंगीला फॉर्मिका म्हणतात. दोडामार्गाकडे रबराच्या मळ्यात काम करणाऱ्या बायांना हे आम्ल ठाऊक असेल. रबराचा चीक गोठवायला डब्यातून आणतात ते हेच. डब्यातलं आम्ल जपून हाताळा, ते मुंगीच्या थेंबापेक्षा फार वाईट भाजतं. आणि मुंगीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका, पुष्कळ स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि आग थांबली नाही तर दवाखान्यात जा. आम्ही त्या दिवशी डोळा चोळत बसलो होतो.

पोटात आणखी एक गोष्ट आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. मुंगीला खाण्याच्या दोन जागा असतात. एक स्वतःसाठी, आणि तिच्या आधी एक पिशवी सगळ्यांसाठी. बाहेरून आणलेला गोड रस ती या पिशवीत साठवते आणि घरी आल्यावर भुकेल्या मुंगीच्या तोंडात तोंड घालून देते. स्वतःला लागेल तेवढाच थेंब आतल्या पोटात सोडते. आमच्यातली एक म्हणाली, ही तर गटाची पेटीच झाली. दुसरी म्हणाली, हिला हप्त्यासाठी आठवण करून द्यावी लागत नसेल.

अंग बघून झालं. आता घराणं.

जगात नाव दिलेल्या मुंग्यांच्या जाती 14,000 हून जास्त आहेत, भारतात 800 हून जास्त. एवढ्या पसाऱ्यात एक मुंगी कुठली हे सांगायचं तर काही पद्धत हवी. शाळेच्या पुस्तकात मुलांना संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असं पाठ करायला लावतात. ते पाठ करायची गरज नाही. आपल्या गावात आपण सांगतो ना, अमक्या तालुक्यातली, अमक्या गावची, अमक्या वाडीतली, अमक्या घरातली, तसंच हे. ओंबील ही कीटकांतली. कीटकांत मधमाशी आणि गांधीलमाशीच्या गणातली. त्या गणात मुंग्यांचं कुल वेगळं, त्याचं नाव फॉर्मिसिडी. त्या कुलात पुन्हा उपकुलं आहेत, आणि इथे आपली कंबरेची गाठ कामाला येते.

कंबरेवर एकच गाठ आणि पोटाच्या टोकाला नांगीच्या जागी झालरवालं गोल भोक दिसलं, तर ते उपकुल फॉर्मिसिनी. ओंबील त्यातली. घराच्या भिंतीवर, गुळाच्या ढेपेवर येणारा मोठा काळा मुंगळा हाही त्यातलाच, म्हणजे ओंबील मुंगीचा चुलत. तोही चावतो, टोचत नाही. चुलीशी, अंगणात येणारी बारीक तांबडी मुंगी, जी टोचल्यावर पुळी उठते, तिच्या कंबरेला दोन गाठी सापडतील. ती मिरमिसिनी उपकुलातली आणि तिला खरी नांगी असते. एकच गाठ असून नांगीवाल्याही मुंग्या आहेत, म्हणून गाठ आणि पोटाचं टोक दोन्ही बघायचं. एका खुणेवर निकाल देऊ नये.

झाडावर आणखी दोघी भेटतात. त्यांची ओळख असलीच पाहिजे. एक म्हणजे फांदीवर शेणाच्या गोळ्यासारखं काळपट घरटं करणारी. ती काड्या-साली चावून त्याचा लगदा लिंपते. चिडली की पोट उलटं करून पाठीवर घेते आणि वरून बघितलं तर ते पोट बदामाच्या आकाराचं दिसतं. तिच्या घरट्यात एक विटकरी रंगाचा सुतारपक्षी भोक पाडून अंडी घालतो, आणि मुंग्या नांदत असतानाच घालतो. दुसरी म्हणजे बारीक लांबट, डोकं आणि पोट काळं, मधला भाग तांबडा. ती खोडावरून एकटीदुकटी पळते. तिच्यापासून जपून राहा, तिला नांगी आहे आणि तिचा डंख गांधीलमाशीसारखा लागतो. लांबून या दोन्ही मुंग्यांना 'ओंबील' म्हणून आम्ही मोकळ्या झालो होतो. नांगी या बाईची, बदनामी त्या बाईची.

उपकुलाच्या खाली प्रजाती. ओंबील मुंगीच्या प्रजातीचं नाव इकोफिला. ग्रीक भाषेतले दोन शब्द, घर आणि पान. पानांचं घर करणारी. हे नाव 1860 साली फ्रेडरिक स्मिथ या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने दिलं. या प्रजातीत आज जिवंत म्हणून दोनच जाती सर्वमान्य आहेत. एक आफ्रिकेतली, लाँगिनोडा. दुसरी आपली, स्मॅराग्डिना, भारतापासून आग्नेय आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेली. दगडात आणि डिंकाच्या खड्यात सापडलेल्या, केव्हाच नष्ट झालेल्या जाती यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. युरोपातही त्यांचे अवशेष मिळतात. तिथे आता एकही नाही, कारण तिला ऊब लागते.

स्मॅराग्डिना म्हणजे पाचूसारखी. आता आपली ओंबील तर तांबूस, मग पाचू कुठला? ऑस्ट्रेलियात याच जातीचं पोट हिरवं असतं. आणि आपल्याकडेही एक जण हिरवी असते, ती राणी. हे नाव 1775 साली डेन्मार्कचे फॅब्रिशियस यांनी ठेवलं. तेव्हा त्यांनी तिला सरसकट 'फॉर्मिका' म्हटलं होतं, कारण त्या काळी मुंगी म्हटली की तेवढंच आडनाव होतं. पुढे आडनाव बदललं, नाव तेच राहिलं. शास्त्रात आडनाव आधी, नाव नंतर, आपल्या मतदार यादीसारखं : इकोफिला स्मॅराग्डिना.

एकाच घरात निरनिराळ्या आकाराच्या ओंबील असतात. मोठी कामकरीण, सुमारे आठ ते दहा मिलिमीटर. ती शिकार आणते, पानं ओढते, राखण करते. आपल्याला चावते ती हीच. धाकटी तिच्या निम्म्याने, बहुतेक काळ घरट्याच्या आतच, पिल्लं सांभाळते. दोघीही बाया. कामकरी मुंगी म्हणजे बाईच, त्यात पुरुष नाही. पुरुष मुंग्या काळपट, पंखवाल्या, ठरावीक दिवसांत निघतात, उडतात, संबंध झाला की मरतात. आणि त्यांची जन्मकथा तर अशी, की फलित अंड्यातून मुलगी होते, न फळलेल्या अंड्यातून मुलगा. म्हणजे मुलाला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. हे सांगितल्यावर आमच्या बैठकीत इतकं हसं झालं, की पुढचं काम अर्धा तास थांबलं.

राणी सुमारे दोन सेंटिमीटर लांब. झाडांवर पन्नास-शंभर घरटी असली तरी ती बहुधा एकाच घरट्यात असते आणि सगळी घरटी तिचीच. पुस्तकांत लिहितात, की राणी हुकूम सोडते. कुणी कुणाला हुकूम सोडत नाही. ती फक्त अंडी घालते, तिला भरवावं लागतं, स्वच्छ करावं लागतं. आम्हाला विचाराल तर ती राणी कसली, जन्माची बाळंतीण. पण ती मेली की नव्या कामकरणी जन्मायच्या थांबतात आणि काही महिन्यांत सगळं बिऱ्हाड विरून जातं. मोठ्या बिऱ्हाडात पाच लाखांपर्यंत मुंग्या असू शकतात.

आता घर कसं बांधतात ते. आम्ही हे स्वतः बघितलं, सकाळी सातपासून उन्हं चढेपर्यंत. आधी एक मुंगी पानाची कड धरून ओढते. अंतर जास्त असेल तर दुसरी तिची कंबर जबड्यात धरते, तिची कंबर तिसरी. अशी साखळी. साखळीला साखळी जोडून दोन पानं जवळ आणतात आणि धरून राहतात. मग आतून दुसऱ्या मुंग्या येतात, त्यांच्या जबड्यात एक-एक पांढरी अळी, म्हणजे त्यांचंच पिल्लू. अळीच्या तोंडाशी रेशमाची ग्रंथी असते. मुंगी मिशांनी हलकेच थापटते, अळी धागा सोडते, मुंगी तिला या पानावरून त्या पानावर नेते आणते. हातमागावर धोटा चालतो तसं. धागा चिकटतो, वाळतो, पांढरं कापड तयार होतं. मोठ्या मुंगीला रेशीम काढताच येत नाही. इतर कितीतरी मुंग्यांच्या अळ्या हेच रेशीम स्वतःभोवती गुंडाळून कोष करतात. ओंबील मुंगीची अळी कोष करत नाही, तिचं सगळं रेशीम घराला जातं आणि ती उघडीच वाढते.

बघता बघता आम्ही एक गोष्ट मोजायला शिकलो, की घरी काय काय येतं. सुरवंट, भुंगे, तुडतुडे, माश्या, आणि ढेकण्या. ढेकण्या म्हणजे काजूचा कोवळा शेंडा, मोहोर आणि बारीक बी यांच्यातला रस शोषणारा किडा. तो जिथे सोंड खुपसतो तिथे काळा डाग पडतो आणि शेंडा करपतो. ओंबील ज्या झाडावर राखण करतात तिथे त्याला बसू देत नाहीत. हे आमचंच म्हणणं नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आणि आफ्रिकेत काजूच्या बागांमध्ये हे तपासून बघितलं गेलं आहे. चीनमध्ये तर इ.स. 304 च्या सुमाराच्या लिखाणात आहे, की संत्र्याच्या झाडांवर सोडायला लोक बाजारातून या मुंग्यांची घरटी विकत आणत. किडीला किडा लावायची माणसाने लिहून ठेवलेली ही बहुधा सगळ्यांत जुनी रीत. पुढे तिथले शेतकरी एका झाडावरून दुसऱ्यावर बांबूचे पूल बांधायला लागले.

ती सोज्वळ आहे असं मात्र नव्हे. तिला गोड रस लागतो, म्हणून पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांना ती पाळते, त्यांचं रक्षण करते. ते रस शोषतात, गोड थेंब टाकतात, त्यावर काजळी धरते. आंब्याच्या बागायतदाराला ती नको वाटते त्यात काही खोटं नाही. काजूत नफा जास्त, आंब्यात हिशोब करून बघावा, असं आमचं मत. आणि चावते ती चावतेच.

बस्तरच्या बाजारात हीच मुंगी 'चापडा' म्हणून विकायला असते, अंड्यांसकट वाटून मिरची-मीठ घालून चटणी करतात. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्याच्या तिथल्या 'काई' चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्लामुळे चव आंबट. आम्ही अजून चाखलेली नाही, पण नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या सुकटीचा वास आठवावा.

तर आता काय करावं. आम्ही दुसऱ्या वर्षी जे केलं ते सांगतो.

भुकटी बंद, चूड पेटवून घरटी जाळणंही बंद. बोंडं काढताना हातापायांना कोरडी चुलीची राख चोळतो, राखेवर तिचे पाय नीट धरत नाहीत. पूर्ण बाह्यांचं जुनं शर्ट, डोक्याला घट्ट फडकं, पोलक्याच्या गळ्याला रुमाल. पहाटे गारव्यात मुंग्या मंद असतात, तेव्हाच भरलेल्या फांद्यांचं काम उरकतो. वाटेत आलेलं घरटं आकडीने फांदीसकट वरच्या फांदीत अडकवतो, तोडून टाकत नाही, कारण राणी कुठल्या घरट्यात आहे हे बाहेरून कळत नाही. जमिनीवर पडलेलीच बी गोळा करता आली तर उत्तम, तिथे त्यांचा त्रास कमी.

ज्या झाडांवर ओंबील नाहीत तिथे त्या नेण्यासाठी सुंभाची दोरी बांधली, शेजारच्या झाडापासून. इथे एक चूक आमच्याकडून झाली. उत्साहाच्या भरात आम्ही बागेच्या दुसऱ्या टोकाचं एक घरटं आणून बांधलं. संध्याकाळपर्यंत झाडाखाली मुंग्यांचा खच. दोन वेगवेगळ्या राण्यांची बिऱ्हाडं एका झाडावर नांदत नाहीत. आता आम्ही आधी तपासतो. एका झाडावरच्या चार-पाच मुंग्या काडीवर घेऊन दुसऱ्या झाडावर सोडायच्या. मिशा लावून पुढे गेल्या तर घरच्या, दोरी बांधा. पाय धरून ताणायला लागल्या तर परक्या, दोरी सोडा आणि मधल्या एकमेकांना लागणाऱ्या फांद्याही छाटा.

पैशाचं विचाराल तर, औषधावरचा खर्च वाचला तो वहीत लिहिलेला आहे. दोरी बांधलेल्या झाडांचे शेंडे यंदा कमी करपले, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. पण पाऊस, हवा, सगळंच दर वर्षी वेगळं, म्हणून सगळं श्रेय मुंगीला द्यायला आमच्यातल्या दोघी तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, आणखी एक हंगाम जाऊ दे. तेही वहीत लिहिलं आहे.

बागेच्या मालकांनी मागच्या आठवड्यात फवारणीवाल्याला बोलावून घेतलं होतं. आम्ही त्यांना भिंग दिलं आणि झाडाखाली उभं केलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, तुमच्या कराराची दोन वर्षं आहेत, तोवर तुमचं तुम्ही बघा. फवारणीवाला परत गेला. काकी राखेचं डबडं घेऊन आधीच पुढच्या झाडाखाली पोचल्या होत्या.